प्लाझ्मा की एलसीडी : शिरूर-दौंडच्या हॉलमधला निकाल

रांजणगाव म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला अष्टविनायकातला महागणपती आठवतो आणि शिरूर तालुक्यातल्या आयटीआय झालेल्या पोराला एमआयडीसी. याच एमआयडीसीत २००४ मध्ये एलजी या कोरियन कंपनीने आपला भारतातला दुसरा कारखाना सुरू केला; पहिला ग्रेटर नोएडात. फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी आणि त्यांच्या जोडीला टीव्ही. त्या वर्षी दसरा-दिवाळीला शिरूर किंवा दौंडच्या बाजारपेठेत टीव्ही घ्यायला गेलेलं कुटुंब बहुधा पिक्चर ट्यूबचा, एकवीस इंची, मागे भलंमोठं पोट असलेला संच टेम्पोत घालून घरी आणायचं. पुढच्या दहा वर्षांत तो संच माळ्यावर गेला, त्याच्या जागेसाठी दोन उमेदवार उभे राहिले आणि त्यातला एक पडलासुद्धा. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा पॅनेल बनवणं थांबवलं. सॅमसंग आणि एलजी यांनी २०१४ मध्ये तोच रस्ता धरला.

गंमत अशी, की चित्र कुणाचं चांगलं एवढ्याच मुद्द्यावर मतदान झालं असतं, तर प्लाझ्मा आरामात निवडून आला असता.

प्लाझ्माचा जन्म बैठकीच्या खोलीसाठी झालाच नव्हता. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी 'प्लेटो' या संगणकावरून शिकवण्याच्या यंत्रणेसाठी हा पडदा तयार केला. दोन काचांच्या मध्ये लाखो बारीक कप्पे आणि त्यांत निऑन, झेनॉन हे वायू. विजेचा दाब मिळाला की वायूतून अतिनील किरण निघतात आणि कप्प्याच्या आत लावलेला लाल, हिरवा किंवा निळा फॉस्फर उजळतो. घरातली ट्यूबलाइट याच तत्त्वावर चालते, फक्त तिच्यात पारा असतो. थोडक्यात, प्लाझ्माचा प्रत्येक ठिपका हा स्वतःचा दिवा. तो विझला की तिथे जवळजवळ मिट्ट काळोख. रात्रीच्या प्रसंगात नायकाचा काळा कोट आणि मागची काळी भिंत वेगवेगळी दिसायची ती त्यामुळे.

एलसीडीची गोष्ट सुरू होते गाजरापासून. १८८८ मध्ये ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनित्झर गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या संयुगावर काम करत होता. तापवल्यावर हे संयुग एकदा वितळायचं, गढूळ व्हायचं आणि आणखी तापवल्यावर पुन्हा स्वच्छ. ती मधली गढूळ अवस्था म्हणजे द्रवस्फटिक. (या क्षेत्रात भारताचंही नाव आहे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले.) टीव्हीत हे स्फटिक स्वतः उजळत नाहीत. मागे कायम दिवा जळत असतो आणि स्फटिक विजेच्या इशाऱ्यावर वळून त्याचा उजेड सोडतात किंवा अडवतात. अडवणं मात्र शंभर टक्के जमत नाही. म्हणून सुरुवातीच्या एलसीडीवर अमावस्येची रात्रही राखाडी दिसायची. बाजूला बसलं की रंग फिके पडायचे. वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटलेल्या चेंडूला शेपूट फुटायचं, कारण स्फटिकांना वळायला वेळ लागायचा. प्लाझ्मावर यातलं काहीच नव्हतं.

मग घोडं अडलं कुठे?

शिरूर-दौंडकडच्या घरात टीव्ही कुठे असतो ते आधी पाहावं. दाराला लागून हॉल, दार दिवसभर उघडं, समोर अंगण किंवा रस्ता, वर ट्यूबलाइट. २४ सप्टेंबर २००७ ला जोहान्सबर्गमध्ये भारताने पाकिस्तानला हरवून ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला, २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर एकदिवसीय विश्वचषक आला. अशा सामन्यांना घरातल्या माणसांइतकीच शेजारची माणसं असतात आणि दिवे बंद करून कुणी बसत नाही. प्लाझ्माची पुढची काच चकाकणारी, आरशासारखी. उजेडात त्याचा तो नामी काळा रंग धुऊन निघायचा आणि पडद्यावर धोनीच्या जोडीला खिडकी, ट्यूब आणि समोर बसलेले काका दिसायचे. एलसीडीचा पडदा बहुतेक वेळा मंद पोताचा, शिवाय मागच्या दिव्यामुळे जास्त उजळ. अंधाऱ्या खोलीत कमी पडणारा हा टीव्ही उघड्या दाराच्या हॉलमध्ये सरस ठरायचा. दुकानात तर पांढऱ्या ट्यूबांचा नुसता लखलखाट. तिथे शेजारी ठेवलेला प्लाझ्मा आजारी वाटायचा आणि गिऱ्हाईक बरोब्बर उलटा निष्कर्ष काढून बाहेर पडायचं.

दुसरी गोष्ट वीज. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं आणि त्यापुढची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाचे फार वाईट दिवस काढले. कित्येक गावांत दिवसाचे दहा-बारा तास वीज नसायची. त्या काळातला ४२ इंची प्लाझ्मा चित्राच्या उजेडानुसार साधारण २०० ते ३०० वॅट घ्यायचा, ३२ इंची एलसीडी शंभर-सव्वाशे. इन्व्हर्टरला जोडलेली १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. प्रत्यक्षात १२०० पदरात पडले तरी खूप. एक पंखा ७५ वॅट, एक ट्यूब ४० वॅट आणि २५० वॅटचा प्लाझ्मा असा भार धरला, तर सव्वातीन तासांत खेळ खलास. प्लाझ्माच्या जागी ११० वॅटचा एलसीडी ठेवला की तीच बॅटरी पाच तासांच्या पुढे जाते. एकदिवसीय सामन्याचा एक डाव साडेतीन तासांचा. प्लाझ्मावाल्याच्या घरी शेवटची षटकं अंधारात गेली असती.

बिलाचंही तेच. रोज पाच तास चालणारा २५० वॅटचा टीव्ही महिन्याला सदतीस-अडतीस युनिट घेतो, ११० वॅटचा साडेसोळा. घरगुती दरात शंभर युनिटांच्या वरच्या युनिटांना पुढचा, महाग टप्पा लागतो. ज्यांचं बिल शंभर युनिटांच्या आसपास घुटमळायचं, त्यांना टीव्हीची ही वीस युनिटं नेमकी महाग टप्प्यात मोजावी लागायची.

लाइट कमी-जास्त होण्याचा त्रास दोघांनाही सारखाच. ऊसपट्ट्यात थ्री फेज आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, बल्ब मिणमिणतात. हे दोन्ही टीव्ही निभावून न्यायचे, कारण त्यांचा पॉवर सप्लाय बऱ्याच कमी दाबावरही चालतो. खरा घात व्हायचा डीपीवर न्यूट्रल तुटला तर. मग २३० च्या ठिकाणी ४०० व्होल्टच्या आसपास दाब घरात शिरतो आणि जे जोडलेलं असेल ते जळतं. एलसीडीचं पॉवर कार्ड तालुक्याच्या गावातला मेकॅनिक कसंबसं उभं करायचा. प्लाझ्माच्या मोठ्या दाबाच्या बोर्डांना हात लावायला तो राजी नसायचा, आणि त्यात त्याचं चुकलं असंही नाही.

तिसरी अडचण दौंडच्या लोकांना चटकन समजेल. दौंड हे रेल्वे जंक्शनचं गाव, शिवाय राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट तिथे. म्हणजे क्वार्टर आणि बदल्या. ४२ इंची प्लाझ्मा स्टँडसकट पंचवीस-तीस किलोंच्या घरात जायचा आणि तो उभाच न्यायचा असे. आडवा टाकला तर काचेला तडा जाण्याची भीती. बदलीच्या ट्रकमध्ये गाद्या आणि कपाटांच्या मध्ये असला पाहुणा कोण सांभाळणार? जुन्या दगडमातीच्या भिंतीवर तो टांगणं तर दूरच.

उंचीचा मुद्दा मात्र महाराष्ट्रापुरता निकालात निघतो. फार उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि प्लाझ्माचं पॅनेल गुणगुणायला लागतं, म्हणून कंपन्या साधारण २००० मीटरच्या वर तो वापरू नका असं सांगत. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर. शिखरावरच्या मंदिरात लावला असता तरी बिचारा गप्प राहिला असता.

चौथी आणि सगळ्यात चिवट तक्रार डागांची. २००७ मध्ये 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा', २००८ मध्ये 'आयबीएन लोकमत' ही मराठी वृत्तवाहिन्यांची रांग लागली. नगर रस्त्यावरच्या किंवा सोलापूर रस्त्यावर यवत-पाटसच्या हॉटेलात सकाळी लागलेला बातम्यांचा चॅनेल शटर खाली ओढेपर्यंत तसाच असतो. कोपऱ्यातला लोगो आणि खालची पट्टी जागची हलत नाही. प्लाझ्माचा फॉस्फर वापराप्रमाणे झिजतो. त्यामुळे त्या जागी कायमची सावली उमटायची आणि मग चॅनेल बदलून सिनेमा लावला तरी नटीच्या हनुवटीखालून ब्रेकिंग न्यूजची पट्टी डोकवायची. घरी रोज वेगवेगळे कार्यक्रम बघणाऱ्याला हा त्रास फारसा नव्हता. पण हॉटेलात असा एक डागाळलेला टीव्ही पाहिलेली दहा माणसं गावात जाऊन सांगत, तो प्रकार घेऊच नका.

हे सगळं जमेस धरूनही प्लाझ्मा कदाचित तगला असता. २००९-१० च्या सुमारास तो बरोबरीच्या आकाराच्या एलसीडीहून स्वस्तही झाला होता. पण एलसीडीची काच लॅपटॉप, मोबाइल, मॉनिटर सगळ्यांना लागत होती, म्हणून कोरिया, जपान, तैवान आणि पुढे चीनने तिच्या कारखान्यांत पैसा ओतला. प्लाझ्मा विकला जायचा तो फक्त मोठ्या टीव्हीत. लहान आकारात बनवणं त्याला परवडत नव्हतं आणि आपल्याकडे तर खप ३२ इंचीचा. दहा बाय बाराच्या खोलीत आठ फुटांवरून बघायला तेवढा टीव्ही पुरे होता.

अंदाज चुकलेले लोक काही गिऱ्हाइकांतच नव्हते. मराठवाड्यात वाढलेल्या, औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन इथले कारखाने त्यात आले. भारतासारख्या देशांत ट्यूब अजून पुष्कळ वर्षं खपेल, हा त्यामागचा हिशेब. ट्यूब संपली त्या हिशेबापेक्षा फार लवकर. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्याची कारणं इतरही बरीच. पण हा सौदा त्यांच्या यादीत ठेवावाच लागतो.

आता दुकानात प्लाझ्मा नाही, तरी जुनं भांडण नाव बदलून उभं आहे. 'एलईडी टीव्ही' म्हणून जो विकला जातो तो एलसीडीच. मागच्या बारीक ट्यूबांच्या जागी एलईडीच्या पट्ट्या आल्या, वीज निम्म्यावर आली आणि ट्यूबेतला पारा गेला. 'क्यूएलईडी'सुद्धा एलसीडीच, रंग सुधारलेला. ओएलईडी मात्र वेगळा. त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळं खरं काळं असतं आणि न हलणाऱ्या लोगोचा डाग पडण्याची धास्तीही सोबत येते. प्लाझ्माचा वारस म्हणायचा तर हाच. ज्या घरात हॉलचं दार दिवसभर उघडं आणि बातम्या सकाळपासून चालू, तिथे त्याच्यासाठी जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ नाही. पडदे असलेल्या खोलीत रात्री सिनेमे बघणाऱ्याने जरूर घ्यावा.

एलईडीचं दुखणं वेगळं, आणि सुदैवाने स्वस्त. आवाज येतो, चित्र नाही, असा टीव्ही दुकानात आला की मेकॅनिक आधी मोबाइलची बॅटरी पडद्याला टेकवून तिरपं बघतो. त्या उजेडाच्या गोलात अंधुक चित्र हलताना दिसलं, तर पॅनेल शाबूत आहे, गेली आहे ती मागची पट्टी. एका ओळीत जोडलेल्या एलईडींपैकी एक गेला तरी सगळा पडदा काळा होतो. पट्टी बदलता येते. पॅनेलच फुटलं असेल तर नवा टीव्ही घेतलेला बरा, कारण पॅनेल आपल्याकडे बाहेरून येतं आणि किमतीचा मोठा वाटा त्याचाच असतो. १ ऑक्टोबर २०२० पासून त्याच्या आयातीवर पाच टक्के शुल्क पुन्हा लागू झालं, तेव्हा टीव्हीच्या किमती लगेच हलल्या त्या याच कारणाने. जीएसटीचं उलट झालं: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाहून मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे ३२ वरच अडून बसायचं एक कारण कमी झालं.

घ्यायला जाताना पेनड्राइव्हमध्ये घरच्या लग्नातलं रात्रीच्या वरातीचं चित्रीकरण न्यावं. दुकानदाराने लावून ठेवलेला भडक 'व्हिव्हिड' मोड बदलून 'स्टँडर्ड' करायला सांगावं, शक्य असेल तर वरचे दोन दिवे मालवायला सांगावेत आणि एकदा समोरून, एकदा सोफ्याच्या टोकाला बसल्यासारखं कडेने बघावं. पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची, ते तोंडी न ठेवता बिलावर लिहून घ्यावं.