लघवीतलं कीटकनाशक: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणाऱ्याच्या अंगात किती औषध गेलं, हे लघवीतून मोजता येतं. मात्र ही तपासणी नीट समजून घ्यायला हवी.

गैरसमज १: नेहमीच्या लघवी तपासणीत कीटकनाशक दिसतं.
वस्तुस्थिती: तिथे साखर, प्रथिनं, पेशी पाहतात. कीटकनाशकासाठी वेगळी तपासणी लागते. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचंच घ्या. शरीरात त्याचं विघटन होऊन तयार झालेला टीसीपीवाय हा पदार्थ लघवीतून बाहेर पडतो, तोही बराचसा ग्लुकुरॉनिक आम्लाला जोडलेला. प्रयोगशाळेत आधी विकर घालून ही जोडी सोडवतात, मग पदार्थ वेगळा काढून मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात. सुरुवातीलाच नमुन्यात जड कार्बन असलेला टीसीपीवाय ठरावीक मात्रेत मिसळतात. प्रक्रियेत मूळ पदार्थ जेवढा वाया जातो, त्याच प्रमाणात हाही जातो, त्यामुळे हिशेब चुकत नाही. लिटरमागे एखादा मायक्रोग्रॅमही असा पकडता येतो.

गैरसमज २: भरपूर पाणी प्यायलं, आकडा उतरला, म्हणजे धोका टळला.
वस्तुस्थिती: लघवी पातळ झाली, एवढंच. म्हणून शरीरातून बऱ्यापैकी ठरावीक प्रमाणात बाहेर पडणारं क्रिएटिनिन त्याच नमुन्यात मोजून त्याच्या प्रमाणात आकडा मांडतात. क्रिएटिनिन लिटरमागे ०.३ ग्रॅमहून कमी किंवा ३ ग्रॅमहून जास्त निघालं, तर सहसा नमुना पुन्हा मागतात.

गैरसमज ३: नमुना कधीही दिला तरी चालतो.
वस्तुस्थिती: टीसीपीवायचं प्रमाण साधारण २७ तासांत निम्म्यावर येतं. आठवड्याने तपासलं तर फारसं काही हाती लागत नाही. फवारणीआधीचा एक नमुना आणि नंतरच्या एक-दोन दिवसांतले नमुने सोबत ठेवले, तरच तुलना होते. डबी हातात घेण्याआधी साबणाने हात धुवावेत. बोटांवरचं औषध नमुन्यात उतरलं, तर निकालावर भरवसा राहत नाही.

गैरसमज ४: सापडलं म्हणजे विषबाधा झाली.
वस्तुस्थिती: भाजी-धान्यावरच्या अंशांमुळे शेतात पाऊल न टाकणाऱ्यांच्या लघवीतही टीसीपीवाय आढळतो. क्लोरपायरीफॉससारख्या औषधांचा मज्जासंस्थेवर परिणाम झाला का, हे रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकरावरून आणि लक्षणांवरून ठरतं.

फवारणीनंतर दरदरून घाम, तोंडाला लाळ, धूसर दिसणं, श्वासाला त्रास असं काहीही जाणवलं, तर कुठल्याही अहवालाची वाट पाहू नका. कपडे बदलून अंग धुवा, औषधाच्या डब्यावरचं लेबल सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.