पाण्याला पाण्यानेच आवर!

तेलविहिरीतून तेलापेक्षा पाणीच जास्त निघतं, हे ठाऊक होतं? सन 2000 च्या सुमाराचा जगाचा हिशेब बघा: रोज साडेसात कोटी बॅरल तेल, आणि त्यासोबत तब्बल 21 कोटी बॅरल पाणी! एक बॅरल म्हणजे 159 लिटर. हे खारट, तेलकट पाणी उपसा, वेगळं करा, शुद्ध करा आणि पुन्हा जमिनीत सोडा. खर्च सगळा तेलाच्या माथी.

येतं कुठून? तेलाच्या थराखाली ते मुळातच असतं. शिवाय आपणही घालतो. आपल्या मुंबई हायमध्ये तेलाला रेटा मिळावा म्हणून 1984 पासून समुद्राचं पाणी खडकात सोडलं जातं. अशा पाण्याला खडकात भेग सापडली, की ते तेलाला बगल देऊन थेट विहीर गाठतं.

मग भेग बुजवायची कशाने? जेलने. आणि गंमत म्हणजे या जेलमध्ये सुमारे 99 टक्के पाणीच असतं! त्यात जेमतेम टक्काभर पॉलिॲक्रिलामाइड हा पॉलिमर आणि किंचित क्रोमियम ॲसिटेट. मिश्रण पातळ असतानाच पंपाने खाली सोडतात. खडकाच्या उष्णतेने ते भेगेतच खरवसासारखं जमतं. पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधतं ते क्रोमियम. चामडं कमावतानाही ते हेच काम करतं!

ही कृती 1980 च्या दशकात अमेरिकेच्या मॅरेथॉन ऑइल कंपनीत रॉबर्ट सिडान्स्क यांनी घडवली. मला सगळ्यात आवडली ती तिची चाचणी. ना महागडं यंत्र, ना काही. काचेची बाटली उलटी करायची आणि बघायचं: जेल भसकन खाली येतं, जिभेसारखं लोंबतं की जागचं हलत नाही? त्यावरून ‘ए’ ते ‘जे’ अशी श्रेणी. ‘जे’ म्हणजे इतकं घट्ट, की बाटलीला टिचकी मारली तर कंप हाताला जाणवतो.

आणखी एक कमाल: हे जेल पाण्याला जितकं अडवतं, तितकं तेलाला अडवत नाही. तेल जेलमधलं पाणी पिळून काढत आपली वाट करून घेतं.

खडक फारच तापलेला असेल, तर मात्र क्रोमियमचं जेल वाटेतच घट्ट होतं. तिथे सावकाश काम करणारी सेंद्रिय रसायनं वापरावी लागतात. पाणी भेगेतून येत असेल, तर जेल जरूर वापरावं. अख्ख्या खडकातूनच झिरपत असेल, तर त्यावर पैसे घालू नयेत.