सुकलेली शाई आणि बऱ्हाणपूरचे पाणी

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीच्या कमानींचा, किंवा शाही किल्ल्यातील हमामाचा, मोजमापांबरहुकूम आराखडा ज्याला शाईने काढावयाचा असतो, त्याला ०.१८, ०.२५, ०.३५ मिलिमीटर अशा निश्चित जाडीच्या रेषा लागतात. आणि ती जाडी हाताच्या दाबावर न सोपविता पोलादी नळीच्या व्यासावर सोपविणारे साधन म्हणजे टेक्निकल पेन. जर्मनीच्या रोट्रिंग कंपनीने १९५३ साली ‘रॅपिडोग्राफ’ बाजारात आणण्यापूर्वी नकाशे काढणारे लोक मुख्यतः दोन पात्यांच्या रुलिंग पेनवर विसंबून असत, आणि त्यातील शाई सुकली तरी स्क्रू सैल करून पाती फडक्याने पुसली की काम भागे. नव्या पेनने रेषा एकसारखी केली, परंतु स्वच्छतेचे काम नाजूक करून ठेवले. पुढे संगणक आला, ही पेने कचेऱ्यांच्या खणांत शाईसकट पडून राहिली, आणि आज हाती येणारे जुने पेन बहुधा चोंदलेलेच असते.

ते का चोंदते, हे शाईच्या घटनेतच आहे. आराखड्याच्या जलरोधक काळ्या शाईत अतिसूक्ष्म काजळी असते, आणि तिला कागदाशी बांधून ठेवण्यासाठी परंपरेने लाखेचा, म्हणजे शेलॅकचा, टाकणखारासारख्या क्षारात विरघळविलेला अंश असतो. पाणी उडून गेले की लाखेचा पातळ, चिवट पापुद्रा उरतो. ज्या गुणामुळे आराखड्यावर पाण्याचा थेंब पडला तरी रेषा फुटत नाही, तोच गुण नळीच्या आत प्रकटला की पेन निकामी होते. निबाच्या नळीतून केसासारखी बारीक तार गेलेली असते व तिच्या मागे एक लहानसे वजन असते. पेन हलविले की वजन टकटक वाजते, तार मागेपुढे सरकते आणि नळीचे तोंड मोकळे राहते. हा आवाज बंद झाला की तार अडकली, असे खुशाल समजावे.

अशा वेळी जबरदस्ती करू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. शाईची टाकी काढून निबाचा भाग कोमट पाण्यात, अमोनियाचे थोडे थेंब किंवा भांडी घासण्याचा सौम्य साबण घालून, रात्रभर भिजत ठेवावा. लाख क्षारात सैल होते, म्हणून अमोनिया उपयोगी पडतो. उकळते पाणी व अ‍ॅसिटोन मात्र वर्ज्य, कारण त्यांनी प्लॅस्टिकचे भाग वाकतात किंवा तडकतात. रबरी पिचकारीने मागून पाणी ढकलावे, काळे पाणी येणे थांबेपर्यंत ते बदलत राहावे, आणि निबाभोवतीच्या सर्पिल खाचेत जमलेली शाई मऊ ब्रशाने काढावी. टाकीत हवा जाण्याची वाट तीच असते, आणि ती बुजली तर नळी स्वच्छ असूनही शाई उतरत नाही. जाड निबाची तार हलकेच बाहेर काढता येते, ०.१३ व ०.१८ च्या निबांची तार मात्र काढूच नये, कारण एकदा वाकलेली ती तार पुन्हा सरळ होत नाही आणि निब टाकूनच द्यावा लागतो.

शेवटच्या धुण्याचे पाणी कोणते, हा प्रश्न बऱ्हाणपुरात विशेष महत्त्वाचा आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांतून शहरात आणणारा कुंडी भांडारा बांधला गेला. शंभरावर कुंड्यांच्या त्या अजोड योजनेच्या भिंतींवर पाण्यातील चुन्याचे थर साचत आले आहेत, आणि त्यांच्यामुळे बोगदे अरुंद होण्याची चिंता तिच्या जतनाशी कायमची जोडली गेली आहे. ज्या पाण्याने माणूस चालू शकेल एवढी वाट आवळत आणली, ते पाव मिलिमीटरच्या नळीत सुकू देणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय जड पाण्यातील क्षार काजळीच्या कणांना एकत्र गोळा करतात, आणि नव्या शाईतही गुठळ्या होऊ लागतात. म्हणून अखेरचे धुणे बॅटरीसाठी मिळणाऱ्या ऊर्ध्वपातित पाण्याने करावे.

मग निब स्वच्छ फडक्यावर पूर्ण सुकू द्यावा, टाकीत ताजी शाई भरावी, पेन आडवे धरून टकटक ऐकू येईपर्यंत हळूच हलवावे, आणि ट्रेसिंग कागदाच्या कपट्यावर ते उभे धरून रेघ ओढावी. पहिल्या काही रेघा फिकट उमटल्या तर घाबरू नये. आत राहिलेला पाण्याचा अंश निघून गेला की काळा रंग येतो.