हा धक्का शेवटचा की पहिला?

४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि गडचिरोली, चंद्रपूरसह पूर्व विदर्भाला हादरा जाणवला. भंडारा तिथून तीनशेएक किलोमीटरवर. अशा वेळी मोबाइलवर एकच प्रश्न फिरतो : आता मोठा येणार का? मुलुगूनंतर तो आला नाही. पण प्रश्न खुळचट मुळीच नाही. भूकंपाचे अभ्यासक पन्नासेक वर्षं त्याच्याशीच झटत आहेत.

मोठ्या भूकंपाच्या आधी त्याच जागी छोटे धक्के बसले, तर त्यांना पूर्वधक्के म्हणतात. अडचण अशी की ते ओळखता येतात ते मोठा भूकंप होऊन गेल्यावरच. भूकंपमापकावर पूर्वधक्क्याची रेघ साध्या धक्क्यापेक्षा वेगळी उमटत नाही.

आपल्याकडे हे किल्लारीने दाखवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथली जमीन हलली. तीव्रता ६.२ च्या आसपास, खोली अगदी कमी. आठ हजारांच्या घरात माणसं गेली. पण गावकऱ्यांना हादरे नवे नव्हते. १९९२ च्या ऑगस्टपासून जमिनीखालून आवाज येत होते, भिंतींना तडे जात होते. १८ ऑक्टोबर १९९२ ला तर साडेचारच्या आसपास तीव्रतेचा धक्का बसला. मग धक्के विरळ झाले आणि लोकांचा जीव भांड्यात पडला. अकरा महिन्यांनी त्याच परिसरात मोठा भूकंप झाला. इतक्या आधीच्या धक्क्यांना पूर्वधक्के म्हणावं की नाही, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. माझ्या मते हा वाद कागदावरचा आहे. खडकावर ताण होता आणि तो बोलून दाखवला जात होता, एवढं खरं.

मग तेवढ्यावर इशारा का देता येत नाही? याचं उत्तर सिवनी आणि पालघरला मिळतं. भंडाऱ्याच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या सिवनीत २०२० च्या पावसाळ्यानंतर धक्क्यांची रांग लागली. नोव्हेंबरात ४.३ पर्यंत मजल गेली. पालघर-डहाणूकडे नोव्हेंबर २०१८ पासून हजारो धक्क्यांची नोंद झाली, शाळा अंगणात भरल्या. दोन्हीकडे विनाशकारी भूकंप झाला नाही. कॅलिफोर्नियातल्या नोंदी चाळून ल्युसिल जोन्स यांनी १९८५ मध्ये हिशेब मांडला : तीनपेक्षा मोठ्या शंभर धक्क्यांपैकी साधारण सहांच्या पाठोपाठ पाच दिवसांत त्याहून मोठा धक्का येतो. उरलेले चौऱ्याण्णव तसेच विरतात. दर वेळी गाव रिकामं करायचं म्हटलं, तर तिसऱ्या वेळी कुणी घराबाहेर पडणार नाही.

तरीही पूर्वधक्क्यांमागे शास्त्रज्ञ लागलेत, कारण त्यात मोठा भूकंप सुरू कसा होतो याचं उत्तर दडलेलं असू शकतं. तुमसरच्या एखाद्या राइस मिलमधली धानाच्या पोत्यांची थप्पी डोळ्यांसमोर आणा. एक पोतं घसरतं, त्याच्या धक्क्याने दुसरं, मग तिसरं, आणि एखाद्या वेळी सगळी थप्पी कोसळते. पहिल्या पोत्याला पुढचं काहीच ठाऊक नसतं. हा एक पक्ष. दुसरा पक्ष म्हणतो, थप्पीच कित्येक दिवसांपासून हळूहळू कलतेय, घसरणारी पोती हे तिचं नुसतं लक्षण. दुसरा पक्ष बरोबर असेल, तर तो कल मोजून इशारा देता येईल. पहिला बरोबर असेल, तर आशा फार थोडी.

पुरावे दोन्हीकडचे आहेत. जपानात ९ मार्च २०११ रोजी ७.३ चा धक्का बसला. दोनच दिवसांनी ९.० चा महाभूकंप आणि त्सुनामी आली. मधल्या काळातले छोटे धक्के भ्रंशावरून (खडक जिथे तुटून सरकतो त्या भेगेवरून) मोठ्या भूकंपाच्या आरंभबिंदूकडे सरकत गेल्याचं नंतर दिसलं, म्हणजे आत काहीतरी संथपणे घसरत होतं. उलट तुर्कस्तानातल्या १९९९ च्या इझमित भूकंपाचं उदाहरण घ्या. आधीच्या ४४ मिनिटांत एकाच जागी पुन्हा पुन्हा धक्के बसले, म्हणजे तिथे संथ घसरण चालू होती, असं २०११ मध्ये जाहीर झालं. २०१८ मध्ये त्याच नोंदी पुन्हा तपासल्यावर प्रत्येक धक्का शेजारच्या वेगळ्या तुकड्यावर निघाला. पोत्यावर पोतं!

कोयनेचं प्रकरण निराळं. ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ चा भूकंप अचानक आला नव्हता. धरणात पाणी साठू लागल्यावर काही वर्षं धक्के चालू होते, सप्टेंबर १९६७ मध्ये एक चांगलाच मोठा बसला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने तिथे दाट उपकरणं बसवून, छोट्या धक्क्यांच्या गुच्छावरून चार तीव्रतेच्या काही भूकंपांचा अल्पकालीन अंदाज वर्तवला आहे. एवढ्याशा जागेत, इतक्या वर्षांच्या नोंदींवर हे जमतं. भंडाऱ्यात तशा नोंदी नाहीत.

आणि भंडारा निर्धास्त आहे, असंही नाही. साकोलीच्या नावाने ओळखला जाणारा खडकसमूह किंवा चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींचा खडक दख्खनच्या काळ्या पाषाणाहून कितीतरी जुना. जुना म्हणजे शांत, हा समज किल्लारीने खोटा पाडला. शेजारच्या बालाघाटात १९५७ मध्ये ५.५ चा भूकंप झालाय, आणि २२ मे १९९७ ला जबलपूर ५.८ ने हादरलं.

किल्लारीत माणसं मारली ती माळवदांनी : मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचा थर. धक्क्यांच्या वर्षभरात छतावरची माती उतरवणं, भिंतीचे कोपरे बांधून घेणं शक्य होतं. तेव्हा तुमच्या गावात हादरे सुरू झाले, तर तारीख-वेळ सांगणारे मेसेज पुढे ढकलू नका. वेळ टिपून तहसील कार्यालयाला कळवा, राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदवा. मग घरात फिरून बघा : कुठली भिंत फुगली आहे, कवेलू कुठे सरकलेत, खाटेच्या वर माळ्यावर काय जड ठेवलंय. ते त्याच दिवशी उतरवा.