वृद्धांच्या उमेदीसाठी परसबाग

पडवीच्या एका कोपऱ्यात बाज टाकलेली असते. त्या बाजेवर बसलेल्या आजोबांनी सारे आयुष्य शेतीत घालविलेले असते. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडल्यापासून मात्र घरातील कोणतेही काम त्यांच्याकडे येत नाही. जेवण वेळेवर मिळते, औषधपाणी होते, मुले-सुना मायेने वागतात. "तुम्ही बसा, आम्ही करतो," हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा ऐकतात. त्यामागे प्रेम असते, यात शंका नाही. परंतु आपली आता कोणाला गरज उरलेली नाही, हा त्यातील दुसरा अर्थही वृद्ध मनाला हळूहळू उमगू लागतो. मग बोलणे कमी होते, भूक मंदावते, रात्रीची झोप उडते.

असे आजोबा आणि अशा आजी आज गावोगावी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ९.९ टक्के होती. आयुर्मान वाढत असताना हे प्रमाणही वाढणार हे उघड आहे. वार्धक्यासोबत कोणाला अपंगत्व येते, कोणाची स्मृती क्षीण होते, तर कोणाला नैराश्य ग्रासते. या व्यक्तींसाठी औषधोपचारांच्या जोडीला गावपातळीवर काय करता येईल, या प्रश्नाचे एक साधे आणि अल्पखर्चाचे उत्तर म्हणजे सामुदायिक परसबाग होय.

जुनी कल्पना, नवे शास्त्र

बागकामाचा उपचार म्हणून उपयोग करण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने १७९६ मध्ये 'रिट्रीट' ही संस्था सुरू झाली. मनोरुग्णांना साखळदंडांनी जखडण्याच्या त्या काळात या संस्थेने त्यांना मायेने वागविले आणि बागेत व शेतात काम करण्याची संधी दिली. त्याच देशात १९७८ मध्ये ख्रिस अंडरहिल यांनी दिव्यांग व आजारी व्यक्तींना बागकामाद्वारे साहाय्य करणारी संस्था स्थापन केली. ती आज 'थ्राइव्ह' या नावाने ओळखली जाते.

आपल्या राज्यातही या विचाराला मोठा आधार आहे. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ १९५१ मध्ये आनंदवनाचा प्रारंभ केला, तो खडकाळ पडीक जमिनीवर आणि समाजाने टाकलेल्या मोजक्या कुष्ठरुग्णांना सोबत घेऊन. बोटे झडलेल्या हातांनी तेथे धान्य आणि भाजीपाला पिकविला. आनंदवनातील ते काम मन रमविण्यापुरते नव्हते. स्वतःच्या श्रमाने पिकविणारा माणूस, ही ओळख त्या हातांना पुन्हा मिळाली.

शास्त्रीय अभ्यासांनीही या अनुभवाला काही अंशी दुजोरा दिला आहे. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण समोर केवळ विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. नेदरलँड्समध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात तीस व्यक्तींना आधी ताण येईल असे काम देऊन नंतर काहींना अर्धा तास बागकाम व इतरांना अर्धा तास वाचन करावयास सांगण्यात आले. ताणाशी निगडित असलेल्या कॉर्टिसोल या संप्रेरकाची पातळी दोन्ही गटांत घटली. परंतु बागकाम करणाऱ्यांत ती अधिक घटली.

तथापि, येथे अतिशयोक्ती टाळावयास हवी. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारात बागकामाचा किती उपयोग होतो, हे ठरविण्याइतका भक्कम पुरावा २०१४ च्या एका तज्ज्ञ आढाव्याला आढळला नाही. परसबाग ही औषधांची जागा घेत नाही, ती औषधांच्या जोडीने चालते, हे प्रथमपासून स्पष्ट असावे.

बाग माणसाच्या मापाची हवी

वृद्धांनी खाली बसून, वाकून खुरपणी करावी अशी अपेक्षा ठेवल्यास परसबाग आठवडाभरही चालणार नाही. माणसाला बागेच्या मापाचे करण्याऐवजी बाग माणसाच्या मापाची करणे, हे या उपक्रमाचे मुख्य सूत्र होय. त्याचा उत्तम नमुना आपल्या अंगणातच आहे. तुळशी वृंदावनाला पाणी घालताना आजींना वाकावे लागत नाही. वृंदावन म्हणजे उंचावलेला वाफाच नव्हे काय?

त्याच धर्तीवर विटांच्या जोत्यावर किंवा अर्ध्या कापलेल्या पिंपांत माती भरून वाफे करावेत. उभे राहून काम करणाऱ्यांसाठी वाफा कमरेइतका, सुमारे तीन फूट उंच असावा. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी तो सव्वादोन फुटांच्या आसपास असावा आणि त्याखाली गुडघे जाण्यास मोकळी जागा ठेवावी. एकाच बाजूने हात पोहोचत असल्यास रुंदी दोन फूट आणि दोन्ही बाजूंनी पोहोचत असल्यास चार फूट पुरे. वाट चार ते पाच फूट रुंद, सपाट व न घसरणारी असावी. चढ असल्यास बारा फूट लांबीत एक फुटापेक्षा अधिक उंची गाठू नये. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, त्यांच्यासाठी वाट गोलाकार ठेवावी, म्हणजे चालणारी व्यक्ती आपोआप निघाल्या जागी परत येते. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळल्यास दुर्बल हाताची पकडही पक्की होते.

पिकांची निवडही विचारपूर्वक करावी. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात खुडण्यास येते. खचलेल्या मनाला लवकर दिसणारे असे फळ हवे असते. गवती चहा, पुदिना, सब्जा व मोगरा यांचा गंध दृष्टिहीनांनाही बागेत वाट दाखवितो. धने पेरण्यापूर्वी ते रगडावे लागतात. नातवंडांची नावे विसरलेल्या आजीसमोर धने ठेवले, तर तिचे हात ते काम अनेकदा आपसूक करू लागतात. स्मृती क्षीण झाल्यावरही हातांची सवय बरेचदा टिकून असते. कण्हेर व धोत्रा यांसारखी विषारी झाडे मात्र या बागेत नसावीत.

दक्षता आणि सन्मान

काम सकाळी किंवा ऊन उतरल्यावर अर्धा ते एक तास असावे. मानसिक आजारांवरील काही औषधांमुळे ऊन व उष्णता अधिक बाधते. म्हणून सावली, टोपी व पिण्याचे पाणी यांची व्यवस्था अनिवार्य समजावी. मधुमेहींनी अनवाणी फिरू नये. बधिर हातांना हातमोजे द्यावेत. धनुर्वाताची लस घेतलेली असावी आणि कीटकनाशकांची फवारणी टाळावी.

याहून महत्त्वाची दक्षता सन्मानाची आहे. जगातील अनेक मनोरुग्णालयांत एके काळी शेतीकाम उपचार म्हणून सुरू झाले आणि पुढे त्याचे रूपांतर बिनपगारी मजुरीत झाले. हा इतिहास विसरता येणार नाही. आपल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये मानसिक आरोग्य संस्थेतील व्यक्तीवर कामाची सक्ती करता येत नाही आणि तिने काम केल्यास योग्य मोबदला मिळण्याचा तिला हक्क आहे. गावातील परसबागेतही हेच तत्त्व पाळावे. कोणी येईल, कोणी केवळ बाकावर बसून पाहील, कोणी आठवडाभर येणार नाही. मात्र काय पेरावे आणि आलेली भाजी कोणाला द्यावी, हे या मंडळींनीच ठरवावे. निर्णय दुसऱ्यांनी घ्यावयाचे आणि वृद्धांनी केवळ पाणी घालावयाचे, असे झाल्यास पडवीतील बाजच बागेत आणून ठेवल्यासारखे होईल.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असे शासनाचे आदेश आहेत. त्या निधीतून अशी बाग घेता येईल काय, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मार्गदर्शक सूचनांनुसार तपासून प्रश्न ग्रामसभेपुढे ठेवावा. प्रारंभी चार-पाच वाफे, पाण्याचा एक नळ, सावलीतील एक बाक आणि जवळच स्वच्छतागृह एवढे पुरेसे आहे. आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने घरी एकट्या पडलेल्या व्यक्तींची माहिती घेता येईल. कोणाचे वागणे चिंताजनक वाटल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे पाठवावे किंवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विचारणा करावी.

शिक्षकांचे स्थान येथे विशेष आहे. अनेक शाळांच्या आवारात मुलांच्या पोषणासाठी परसबागा केलेल्या आहेत. त्यातील दोन वाफे उंच करून गावातील वृद्धांना बोलाविले, तर मुलांना बी ओळखणारा गुरू मिळेल आणि आजोबांना विद्यार्थी. कोणते बी किती खोल पेरावे, हे लुळ्या हाताचा शेतकरीही शब्दांनी शिकवू शकतो.

मेथीच्या वाफ्याला दोन दिवस पाणी मिळाले नाही, तर रोपे माना टाकतात. आपण गेलो नाही तर कोणाचे तरी अडेल, ही जाणीव वृद्धाला सकाळी बाजेवरून उठविते. "तुम्ही बसा" असे म्हणणाऱ्या घराने आणि गावाने एकदा "तुम्ही याल का?" असे विचारून पाहावे.