रस्त्याच्या खडीवरील बिटुमेन वेगळे करणे : द्रावकांचा उपयोग व मर्यादा

रस्त्यावर अंथरलेल्या मिश्रणात बिटुमेन किती आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. खडीवरचा थर द्रावकाने धुऊन ते कळते. (बोलण्यात आपण यालाच डांबर म्हणतो. खरे डांबर दगडी कोळशापासून निघते, बिटुमेन खनिज तेलापासून. डांबराच्या गोळ्यांचे नाते पहिल्याशी आहे.)

बिटुमेन हे मुख्यतः हायड्रोकार्बनांचे मिश्रण असल्याने पाण्यात विरघळत नाही. परंतु कोणतेही तेलकट द्रावक चालेल असेही नाही. त्यातील अ‍ॅस्फाल्टीन हा घटक टोल्युइनमध्ये विरघळतो, एन-हेप्टेनमध्ये मात्र त्याचा साका खाली बसतो. रॉकेलच्या बोळ्याने हाताचा डाग निघाला, तरी तेवढ्याने मोजमापाचे काम भागत नाही.

प्रयोगात कोरडा नमुना तोलून सेंट्रिफ्यूजच्या भांड्यात घेतात, द्रावकात मुरू देतात व गाळणकागदाचे कडे बसवून यंत्र फिरवतात. द्रावण फिक्या गवती रंगाचे उतरेपर्यंत नवे द्रावक घालून ही क्रिया पुन्हा पुन्हा करतात. शेवटी खडी वाळवून तोलतात.

विद्यार्थी चुकतात ते यापुढे. दगडाची बारीक भुकटी गाळणकागदातून द्रावणाबरोबर निसटते. समजा, नमुना १००० ग्रॅम, धुतलेली खडी ९३८ ग्रॅम, कागदाच्या वजनातील वाढ २ ग्रॅम आणि द्रावणातील भुकटी १० ग्रॅम. बिटुमेन ५० ग्रॅम, म्हणजे ५ टक्के भरले. भुकटी मोजायची राहिली, तर उत्तर ६ टक्के येते. काम ५.५ टक्क्यांचे ठरले असेल, तर कमी बिटुमेनचा रस्ता कागदावर उत्तीर्ण होतो!

द्रावकाची निवड हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. बेंझिन कर्करोगकारक असल्याचे सिद्ध आहे. त्याच्याऐवजी रूढ झालेले ट्रायक्लोरोएथिलीन सहजी पेटत नाही, हा त्याचा गुण. पण २०१२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यालाही बेंझिनच्याच वर्गात टाकले. टोल्युइन त्या वर्गात नाही, मात्र ते चटकन पेट घेते. म्हणून फ्यूम हूडविना हा प्रयोग वर्गात करून दाखवू नये. वापरलेले द्रावक मोरीत तर ओतूच नये.

भट्टीत सुमारे ५३८ अंश सेल्सिअसला बिटुमेन जाळून टाकण्याची पद्धत द्रावकाशिवाय चालते. तेथे काही चुनखडकांचे वजन उष्णतेनेच घटते, त्यामुळे आधी दुरुस्ती-गुणक काढावा लागतो. शिवाय बिटुमेन जळून गेलेले असते. जुन्या रस्त्यातील बिटुमेन किती कडक झाले आहे हे तपासायचे, तर द्रावकाकडेच वळावे लागते.