दहाच्या नाण्याएवढं कासव

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात टाक्यांच्या खाली बहुतेक वेळा एक उथळ टब ठेवलेला असतो. त्यात दहाच्या नाण्याहून जेमतेम मोठी, पोपटी रंगाची, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत असतात. सोबत प्लास्टिकचं नारळाचं झाड लावलेला वाडगाही मिळतो. ‘एवढंच राहतं हे, दिवसाला चार दाणे टाकायचे,’ असं दुकानदार सांगतो आणि मुलाच्या हट्टापुढे आई-बाबा हात टेकतात.

दुकानदाराचं हे सांगणं खरं नसतं. ही पिल्लं असतात रेड-इअर्ड स्लायडर जातीची, मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. नीट जोपासलेली मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर थोडा लहान राहतो आणि दोघंही ३० वर्षांहून अधिक जगू शकतात. दुसरीतल्या मुलासाठी आणलेलं कासव त्या मुलाच्या लग्नातही घरात असू शकतं. ‘एवढंच’ राहिलेलं कासव बहुधा खुरटलेलं असतं.

मग देशी कासव का पाळू नये? कारण कायदा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव, तळ्यातलं मऊ पाठीचं कासव अशा देशी जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते आणखी घट्ट झालं. पहिल्या अनुसूचीतला प्राणी बाळगला तर ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. तारा कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ मध्ये ‘साइट्स’ करारानेही बंदी घातली. तरीही चोरटी विक्री चालतेच. महाराष्ट्रात तर वीस नखांचं कासव पैशांचा पाऊस पाडतं, या भोंदूगिरीपायी अनेक कासवं पकडली गेली आणि पकडणारे पोलिसांच्या हाती लागले. वास्तूसाठीच कासव हवं असेल तर पितळेचं मिळतं. त्याला दिवा-पाणी करावं लागत नाही.

स्लायडर परदेशी असल्यामुळे देशी कासवांवरची ही बंदी त्याला लागू होत नाही, म्हणून ते उघड विकलं जातं. मात्र पाळीव प्राण्यांच्या दुकानांनाही २०१८ पासून नोंदणीचे नियम आहेत. नोंदणी दाखवायला आणि पावती द्यायला टाळाटाळ करणाऱ्या दुकानातून काही घेऊ नये.

खरा खर्च कासवाचा नसतोच, तो टाकीचा असतो. कवचाच्या प्रत्येक इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी, असा पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे आठ इंचांच्या कासवाला तीनशे लिटरच्या पुढे. एवढी भरलेली टाकी साध्या टीपॉयवर ठेवता येत नाही. नुसतं पाणीच तीनशे किलोचं होतं. कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, त्यामुळे फिल्टर टाकीच्या आकाराला लागतो त्याहून दुप्पट ताकदीचा घ्यावा आणि तरीही दर आठवड्याला थोडं पाणी बदलावं. पाणी २४ ते २७ अंश असावं. डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे ते सहज याच्या खाली जातं. कासव खाणं सोडून तळाशी सुस्त पडतं आणि घरचे म्हणतात, ‘झोपलंय.’ तिथे हीटर लागतो.

पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होऊन बसता येईल असा एक कट्टाही हवा. त्यावर ३० ते ३५ अंशांची ऊब देणारा दिवा आणि शेजारी यूव्हीबी किरण देणारी ट्यूब, रोज दहा-बारा तास. इथेच बहुतेक घरांत गफलत होते. टाकी खिडकीपाशी ठेवली की ऊन मिळालं, असं वाटतं. पण हाडांसाठी लागणारं ड जीवनसत्त्व अंगात तयार करणारे यूव्हीबी किरण काचेत अडतात. आत येते ती फक्त उष्णता. वाडगा भर उन्हात ठेवला तर पाणी तापून कासव मरतं, सावलीत ठेवला तर कवच मऊ पडतं. कवच म्हणजे वरून घातलेला टोप नव्हे. फासळ्या आणि पाठीचा कणा त्यात जोडलेले असतात, त्यामुळे कवच मऊ पडणं म्हणजे हाडंच मऊ पडणं. कवच असं अंगाचाच भाग असल्यामुळे त्यावर रंगही फासू नये.

खाण्यात डबाबंद वाळलेली कोळंबी हा मोठा शत्रू. कासवं ती चवीने खातात, पण एकट्या तिच्यावर वाढवलेल्या पिल्लाला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि डोळे सुजून मिटतात. दिसत नाही म्हणून ते खात नाही आणि खात नाही म्हणून आणखी खंगतं. चांगल्या प्रतीचे कासवांचे दाणे, अधूनमधून गांडूळ किंवा मासळीचा तुकडा आणि मोठं झाल्यावर भरपूर पालेभाजी, गाजर, लाल भोपळा हा आहार बरा. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस टाकीत तरंगत ठेवला की कासव तो हवा तेव्हा कुरतडतं. खाणं पाण्यातच द्यावं. या जातीला पाण्याबाहेर घास गिळता येत नाही.

हात धुण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. निरोगी दिसणारं कासवही साल्मोनेला जिवाणू बाळगतं. मुलं आजारी पडू लागल्यावर अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवरच बंदी घातली. कासवाची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती कासव देऊ नये.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. एकट्या मादीलाही वयात आल्यावर अंडी होतात. उकरायला माती मिळाली नाही तर ती अंडी पोटात धरून ठेवते आणि त्यात दगावूही शकते. अस्वस्थपणे टाकीबाहेर पडू पाहणारी मादी ‘फिरायला मागतेय’ असं समजलं जातं. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य आपल्या शहरात आहे का, हे कासव आणण्याआधीच बघावं.

एवढं सगळं निभत नाही, तेव्हा कासव तळ्यात जातं. पुण्य केल्याचं समाधान मिळतं आणि तळ्याचं नुकसान होतं. ऊन खायच्या जागा आणि अन्न यांवर स्लायडर देशी कासवांशी स्पर्धा करतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आगंतुक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय महासंघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. गुवाहाटीतल्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात आणि केरळात त्रिशूरजवळही ते सापडलं आहे.

म्हणून हौस खरीच असेल तर पिल्लू विकत घेण्यापेक्षा कुणाला नकोसं झालेलं मोठं स्लायडर घरी आणणं शहाणपणाचं. प्राणी वाचवणाऱ्या संस्थांकडे अशी कासवं असतात. ती केवढी होणार, नर की मादी, हे आधीच दिसतं. पुढच्या पायांची लांब नखं म्हणजे नर. घेताना कवच दाबून बघावं, कडक लागलं पाहिजे. डोळे उघडे, नाकाशी बुडबुडे नाहीत आणि पोहताना एका बाजूला कलत नाही, हेही पाहावं. कलणं हे न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं. देशी कासव दिसलं किंवा कुणी विकताना आढळलं, तर महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.